जादूची गोष्ट घरात मोठ्याने वाचताना: नियम, किंमत आणि एकच प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, घरात आजी. इंग्रजीतून मराठीत आलेली एक जाड जादुई कादंबरी रात्री वाचून दाखवायला घेतली, ती तिसऱ्या प्रकरणाशी अडली. आजींचं म्हणणं, असल्या खोट्या गोष्टींपेक्षा काही कामाचं वाचा. आणि ‘यातून काय शिकलात?’ असं विचारलं की दोन्ही मुलं गप्प. मग जादूच्या गोष्टींवरून घराविषयी, रोजच्या जगण्याविषयी बोलणं व्हावं कसं?

‘काय शिकलात’ हा प्रश्न आजपासून बंद करा. त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे आणि तुम्ही फक्त तपासताय, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. शाळेत तात्पर्य लिहून लिहून त्यांचं ते काम संपलेलं असतं.

त्याऐवजी जादू कशी चालते त्याकडे बघा. चांगल्या जादूच्या गोष्टीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. जादूला एक नियम असतो, एक मर्यादा असते आणि एक किंमत असते. नियम मुलांना पटकन कळतो, मर्यादा गोष्ट रंगवते आणि किंमत बहुतेक वेळा घरातलंच कोणीतरी मोजतं. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, पण तो पोपट आणायला घरातला धाकटा मुलगा जातो आणि मागे आई वाट बघत बसते. म्हणून विचारायचा प्रश्न एवढाच: ‘या जादूची किंमत कोणी दिली?’ घराविषयीचं बोलणं तिथून आपोआप निघतं, ओढून आणावं लागत नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी शंभर रशियन जादूकथांची चिरफाड केली आणि त्यांत क्रमाने येणाऱ्या ३१ घटना १९२८ साली मांडल्या. त्यांतली पहिली घटना कोणती? घरातलं कोणीतरी घर सोडून जातं. दुसरी, मागे राहिलेल्याला काहीतरी बजावलेलं असतं: हे दार उघडू नकोस, अमुक वाटेने जाऊ नकोस. तिसरी, तो नेमकं तेच करतो. म्हणजे जादू सुरू होण्याआधी घर रिकामं होतं आणि आईबापांचा शब्द मोडतो. जादुई कादंबऱ्यांतले नायक इतके पोरके का असतात, याचं उत्तरही इथेच आहे. जबाबदार मोठं माणूस जवळ असेल तर ते मुलाला जंगलात जाऊच देणार नाही आणि गोष्ट पहिल्याच पानावर संपेल.

आता वाचन बंद का पडलं ते पाहू. जाड कादंबऱ्यांची पहिली तीन-चार प्रकरणं जग उभं करण्यात जातात. नावं, ठिकाणं, घराणी, जुनी वैरं. मनात वाचताना आपण हे भराभर ओलांडतो, मोठ्याने वाचताना मात्र प्रत्येक शब्दाला वेळ लागतो. हिशोब करून बघा. सावकाश, नीट ऐकू येईल असं मराठी वाचायचं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. पानावर अडीचशे शब्द धरले तर एका पानाला दोन ते अडीच मिनिटं. वीस मिनिटांच्या बैठकीत आठ-नऊ पानं, आणि मधले प्रश्न, पाणी, चादर-ओढणं धरलं तर सहा-सात. पंचवीस पानांचं प्रकरण चार रात्री चालतं. त्या चार रात्रींत जर फक्त वाड्याचं वर्णन आणि काकांचा स्वभाव आला असेल, तर मुलांचा कंटाळा रास्तच आहे.

उपाय दोन. पहिल्या तीन बैठका सलग तीन रात्री घ्या, मध्ये खाडा नको. सुरुवातीला तीन दिवसांपेक्षा मोठा खंड पडला की मुलं नावं विसरतात आणि पुन्हा सुरुवात करायचा कोणालाच उत्साह नसतो. दुसरं, सुरुवातीची वर्णनं बिनदिक्कत कापा. लेखकाचा अपमान होत नाही. नायक कुठे राहतो, त्याच्या घरी कोण कोण आहे, आणि त्याला काय खुपतं, एवढं ठेवून बाकीचं सोडून द्या. पुढे एखादा तपशील लागला तर त्या वेळी एका वाक्यात सांगता येतो.

त्यासाठी आदल्या दिवशी तो भाग एकदा मनात वाचून पेन्सिल फिरवणं गरजेचं आहे. दहा मिनिटांचं काम. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ, गाळायच्या मजकुराला चौकट, थांबायच्या जागी फुली. भाषांतरित कादंबऱ्यांत ‘जो’, ‘ज्याने’, ‘जिच्यामुळे’ अशी पोटवाक्यं एकात एक अडकलेली असतात. ती डोळ्यांना चालतात, कानांना नाही. वाचतानाच त्याची दोन वाक्यं करा. ‘तो म्हणाला’, ‘ती उद्गारली’ हे प्रत्येक संवादानंतर वाचायची गरज नसते, आवाजातल्या फरकाने कळतं. परकी नावं कशी उच्चारायची ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि जाड कागदाच्या खुणेच्या पट्टीवर लिहून ठेवा. नाव आणि त्यापुढे दोन शब्द: ‘हिची मावशी’, ‘शेजारचा’, ‘खोटं बोलतो’. ही पट्टी मुलीकडे सोपवा. नऊ वर्षांच्या मुलीला असला अधिकार आवडतो, आणि धाकट्याने ‘हा कोण?’ विचारलं की तीच सांगेल, तुमचं वाचन तुटणार नाही.

आवाजांचं फार मनावर घेऊ नका. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढायला गेलात तर चौथ्या पानावर कोणता कोणाचा ते तुम्हीच विसराल. दोन किंवा तीन पुरेत, आणि तेही सूर बदलून नव्हे, वेग बदलून. घाईचं माणूस भरभर बोलतं, म्हातारं माणूस थांबत थांबत. राक्षसासाठी किंवा चेटकिणीसाठी ओरडायचं तर मुळीच नाही. घसा बसतो, धाकटा बिचकतो आणि रात्री दीड वाजता तुमच्या अंथरुणात येतो. दुष्ट पात्र हळू आणि शांत बोललेलं जास्त परिणाम करतं, आणि ते तुम्हाला हवं तेवढं कमी-जास्त करता येतं.

बसायची जागा अशी हवी की दिवा तुमच्या खांद्यामागून पुस्तकावर पडेल आणि तुमचा चेहरा ऐकणाऱ्यांना दिसेल. फोन दुसऱ्या खोलीत, तुमचासुद्धा. ऐकणाऱ्यांच्या हाताला काम असलं तर चांगलंच. शेंगा सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, कागदावर काहीतरी गिरवणं. हात गुंतले की कान मोकळे राहतात. खुळखुळणारी किंवा जोडून खाली पडणारी खेळणी मात्र नकोत. आजींना वाती वळायला तिथेच बसवा. त्या ‘ऐकत नाही’ म्हणतील आणि चौथ्या दिवशी चुकलेलं नाव दुरुस्त करतील.

थांबायचं कुठे, हे वाचनातलं सगळ्यात महत्त्वाचं कसब. प्रकरण संपतं तिथे थांबणं सोयीचं असतं, पण दुसऱ्या दिवशीची ओढ त्यातून राहीलच असं नाही. पात्राने काहीतरी ठरवलं आहे आणि अजून केलेलं नाही, ती जागा उत्तम. ती दार उघडायचं ठरवते, तिथे पुस्तक मिटा. सहा वर्षांच्या मुलासाठी याला एक अपवाद: भीतीच्या ऐन मध्यावर सोडायचं नाही. साप अंगावर आलाय तिथे थांबलात तर झोपेचं खोबरं. साप निघून जाऊ दे, पण तो कोणी पाठवला हे कळायचं राहू दे. दुसऱ्या रात्री सुरुवातीला आधीची गोष्ट धाकट्याने सांगायची, तीन वाक्यांत. तो चुकीची सांगेल. बहिणीला मध्ये बोलायला बंदी, तिची पाळी नंतर. त्याने काय लक्षात ठेवलं यावरून त्याला काय भिडलं ते तुम्हाला कळतं. राजकन्येचा शाप विसरून त्याला कुत्र्याला जेवायला कोणी घातलं एवढंच आठवत असेल, तर तीच त्याच्यापुरती गोष्ट आहे.

आता आजींचा मुद्दा. त्यांच्याशी ‘कल्पनाशक्ती वाढते’ असा वाद घालू नका, त्यात कोणीही जिंकत नाही. त्या स्वतः आयुष्यभर जादूच्याच गोष्टी ऐकत आल्या आहेत, फक्त त्यांना कहाण्या म्हणतात. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटते, गावातलं सगळं दूध देवळात जातं, घरोघरी मुलं आणि गोठ्यात वासरं उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरातल्या लेकरांना खाऊपिऊ घालते, लेकीसुनांची विचारपूस करते, वासरांना पाजते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन देवळात येते. गाभारा काठोकाठ भरतो. इथे जादूचा नियम काय, मर्यादा काय, किंमत कोणी दिली? राजाच्या दुधाची किंमत मुलांनी आणि वासरांनी दिली होती, म्हणून ती जादू चालली नाही. कुठल्याही परदेशी कादंबरीपेक्षा हा नियम चोख आहे, आणि तो स्वयंपाकघरातला आहे.

कहाणी वाचायची नाही, आजींकडून ऐकायची. तुमच्याकडच्या पुस्तकात वेगळं छापलं असेल तरी दुरुस्ती करू नका. त्यांचा पाठ हा त्यांच्या घरचा पाठ आहे. फोनवर आवाज टिपून ठेवा, एवढ्यापुरता फोन खोलीत आलेला चालेल. कहाण्यांची बांधणी सांगणाऱ्यासाठी फार सोयीची असते. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की दार उघडलं, ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की मिटलं. हातात अक्षता धरून ऐकायची पद्धत आहे, ती जरूर पाळा. मूठ मिटलेली असली की मूलही जागेवर बसतं, आणि शेवटी अक्षता वाहायच्या म्हणजे शेवटपर्यंत थांबणंही आलं. शिवाय सोमवारची कहाणी सांगायची ती महादेवाला उद्देशून, ‘ऐका महादेवा तुमची कहाणी’. ऐकणारा साक्षात देव आणि विषय वासराचं दूध, हे मुलांना भारी मजेदार वाटतं.

नागपंचमीची कहाणी तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ऐकवा. माहेर नसलेली धाकटी सून, तिला माहेरी न्यायला माणसाच्या रूपात आलेला नाग, बाळंतीण नागिणीजवळ दिवा धरताना तो हातातून पडणं, पिल्लांची शेपटं भाजणं, आणि मोठी झालेली पिल्लं डसायला आल्यावर त्यांना ऐकू येणारी तिची प्रार्थना: माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा सुखी असोत. माहेर म्हणजे काय, सासर म्हणजे काय, चुकून केलेल्या इजेचं काय करायचं, हे सगळं इथे आहे. आजींना त्यांच्या माहेराविषयी विचारायला याच्यासारखी दुसरी वाट नाही. मात्र मुलीने विचारायचं, तुम्ही नाही. सुनेने किंवा मुलाने विचारलं की सासूबाई सावध उत्तर देतात, नातीला खरं सांगतात.

एक सावधगिरी. कहाण्यांत सुनेचा छळ, निपुत्रिकेचा अपमान, जातीची उतरंड असं बरंच येतं. ते गुपचूप गाळून गोड करू नका, आणि तिथे थांबून भाषणही देऊ नका. ‘सगळं काम धाकट्या सुनेनेच का करायचं?’ असं मूल विचारेल. तो प्रश्न आजींसमोर तसाच राहू द्या. जिवतीच्या कहाणीत राणी सुईणीला हाताशी धरून दुसऱ्या बाईचं नवजात मूल पळवते आणि तिच्यापुढे वरवंटा ठेवते. दत्तक मूल असलेल्या घरात ही कहाणी आधी मोठ्यांनी वाचून मगच ठरवावी. सावत्र आईच्या कथांचंही तेच. घरात खरोखर सावत्र नातं असेल, आईवडील वेगळे राहत असतील, तर ‘ही गोष्टीतली बाई’ आणि ‘आपल्या घरातली माणसं’ यांतला फरक मूल स्वतःहून करेल, असं गृहीत धरू नये.

भीतीबद्दल थोडं. ‘अरे, खोटं आहे ते’ हे वाक्य निरुपयोगी असतं. खोटं आहे हे त्याला ठाऊक असतं आणि तरी भीती वाटते. मुलाच्या हातात थोडा ताबा द्या. हात वर केला की वाचन थांबेल, हा करार आधीच करा आणि पाळा. शेवट काय होतो असं विचारलं तर सांगून टाका, ‘तो वाचतो’. शेवट कळल्याने धाकट्या मुलांची मजा जात नाही, उलट ती निर्धास्त ऐकतात. तोच भाग दिवसा उजेडात पुन्हा वाचला की निम्मी भीती जाते. आणि नायकाची आई मेलेली असेल तर कधी ना कधी प्रश्न येणारच: ‘आई, तू मरशील?’ ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नका, पुढे ते मोडकं निघतं. छोटं आणि खरं उत्तर द्या: अजून खूप वर्षं मी तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं, आणि काहीही झालं तरी तुला सांभाळायला ही ही माणसं आहेत. तीन-चार नावं घ्या. मुलांना तत्त्वज्ञान नको असतं, नावं हवी असतात.

आता बोलणं. एका बैठकीला एकच प्रश्न, आणि शक्यतो त्याच रात्री नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरताना, वेणी घालताना, दुचाकीवरून शाळेत सोडताना विचारा. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत विचारलं की मुलं आक्रसतात. शेजारी शेजारी असलं की बोलतात. विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक आईबाप तीनवर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. ‘किंमत कोणी दिली?’ याशिवाय दोन प्रश्न चालतात: ‘हे सगळं होत होतं तेव्हा घरात कोणाला कळलंच नाही?’ आणि ‘त्याने आधी कोणाला सांगायला हवं होतं?’ यातल्या शेवटच्याला येणारं उत्तर नीट ऐका. त्यात गोष्टीतल्या माणसांपेक्षा तुमच्या घरातली माणसं जास्त असतात. आणि काही झालं तरी ‘बघ, तो कसा आईचं ऐकतो!’ हे म्हणायचं नाही. असं एक वाक्य पडलं की मूल पुढचे काही आठवडे प्रत्येक गोष्टीत स्वतःवर टाकलेला सापळा शोधत बसतं.

प्रश्न विचारायची कला शिकायची तर वेताळाकडून. मेलेल्या माणसाच्या अंगातून बोलणारा हा वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी असं विचारतो की राजाला गप्प बसवत नाही: यांतला खरा मोठा कोण, चूक कोणाची, ही नक्की कोणाची? ‘तू काय शिकलास’ असं तो एकदाही विचारत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात बांधलेल्या कथासरित्सागरात या कथा आहेत, आणि राजाला उत्तर येत नाही अशी जी एकच, शेवटची गोष्ट आहे, ती चक्क नात्यांची आहे. वनात पळून आलेल्या राणी आणि राजकन्येची पावलं एका बापलेकाला दिसतात. ठरतं असं की मोठी पावलं जिची ती बापाची बायको, लहान पावलं जिची ती मुलाची. पण मोठी पावलं निघतात राजकन्येची. शब्द पाळायचा म्हणून बाप राजकन्येशी लग्न करतो आणि मुलगा राणीशी. दोन्हींकडे मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा गप्प राहतो, आणि तो गप्प राहिला म्हणूनच वेताळ प्रसन्न होतो.

तुमच्या मुलीला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. चार चौकोन, दोन लग्नांच्या रेघा, खाली दोन मुलगे. बापाचा नवा मुलगा हा थोरल्या मुलाचा सावत्र भाऊ, म्हणून त्या थोरल्याच्या मुलाचा काका. आणि राणीचा नवा मुलगा हा राजकन्येचा सावत्र भाऊ, म्हणून राजकन्येच्या मुलाचा मामा. म्हणजे एक दुसऱ्याचा काका आणि दुसरा पहिल्याचा मामा. नऊ वर्षांच्या मुलांना हे अर्ध्या तासात सुटतं, आणि मग त्याच कागदाच्या मागे स्वतःच्या घराचं झाड काढायचा हट्ट होतोच. तिथे आजींची गरज लागते. अशा वेळी ‘खोट्या गोष्टी’ हा विषय कोणी काढत नाही.

धाकट्यासाठी वेगळा खेळ, पंधरा मिनिटांचा. घरातली एक वस्तू निवडायची: कुकर, पाट, छत्री, डबा. तिला एक शक्ती द्यायची, एक मर्यादा, एक किंमत. फक्त शक्ती दिली तर गोष्ट दोन वाक्यांत संपते: डबा मागेल ते देतो, सगळ्यांनी लाडू खाल्ले, संपलं. मर्यादा घाला: दिवसातून एकदाच देतो. थोडी ताणते. मग किंमत विचारा. डब्यात आलेले लाडू कुठल्यातरी दुसऱ्या घरातून नाहीसे होतात, समजा. कोणाच्या घरातून? शेजारच्या? मावशीच्या? आता मुलगा विचारात पडतो. तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त तो सांगेल ते लिहून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मोठ्यांनी किंमत ठरवून देणं. ‘मग आपण वाटून खायला हवं ना?’ असं म्हणालात की खेळ मेला.

अडलेल्या कादंबरीचं काय करायचं ते राहिलं. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे ढकलू नका. आठवडाभर कहाण्या, वेताळ, चिमणी-कावळ्याचं शेणाचं-मेणाचं घर असं एका बैठकीत संपणारं वाचा. मग कादंबरीची आधीची गोष्ट पाच मिनिटांत तोंडी सांगा आणि जिथे पहिल्यांदा जादू घडते तिथून उघडा. त्यानंतर साधारण पन्नास पानं वाचून बघा. तरीही मुलीने पुढचं पान स्वतःहून मागितलं नाही, तर ते पुस्तक कपाटात ठेवा. दोन वर्षांनी ती एकटी वाचेल, किंवा वाचणार नाही. आणि तुम्हाला स्वतःला पुढे काय होतं याची उत्सुकता असेल, तर मुलं झोपल्यावर खुशाल वाचून काढा. खुणेची पट्टी मात्र तिने ठेवली होती त्याच पानावर परत घालून ठेवा.